सोमारीबाईची आग पळत नाही

माझं गोंडपिपरीत बिछायत केंद्र आहे. मंडप, खुर्च्या, सतरंज्या, माइक, स्वयंपाकाची मोठी गंज-पातेली, पाण्याचे ड्रम. लग्न असो, नाटक असो, पुढाऱ्याचं भाषण असो की कुणाची तेरवी, सामान या मुजफ्फरचंच जातं. इतर लोक कार्यक्रम समोरून बघतात, मी मंडपाच्या मागून बघतो. समोर माणूस हार घालून घेत असतो आणि मागे तोच माणूस दुसऱ्याच्या चपला घालून निघत असतो. त्यामुळे माझा माणसांवर विश्वास थोडा कमी आणि लोभ मात्र जास्त आहे.

ज्या गावाची ही गोष्ट, त्याचं नाव विचारू नका. गोंडपिपरीहून आष्टीच्या रस्त्याला लागलात की डावीउजवीकडे जंगलाला टेकलेली बरीच गावं लागतात, त्यातलं कुठलंही धरा. तिथल्या रेंजर साहेबांची आता बदली झालीय, म्हणून एवढं तरी लिहितोय. नावं मी माझ्या सोयीनं घेणार आहे, आणि कुणी विचारलंच तर मी कानावर हात ठेवीन.

सोमारीबाई सत्तरीच्या आसपासची. वाळलेल्या शेंगेसारखी सडपातळ, चालायला वाऱ्यासारखी आणि खोटं बोलण्यात माझ्या ओळखीतल्या सगळ्या ठेकेदारांच्या वरचढ. वेळ घालवायला म्हणून ती खोटं बोलायची. सफारीला आलेल्या नागपूरच्या एका कुटुंबाला तिनं सांगितलं होतं की इथला वाघ सोमवारी उपास करतो, म्हणून सोमवारचं तिकीट काढू नका. त्यांनी ते मानलं. माझ्याकडून एका लग्नात लाल, हाताची खुर्ची नेली आणि विचारलं तर म्हणाली, ही माझ्या आहेरात आलीय. तिच्या लग्नाच्या वेळी प्लास्टिक गावात आलं होतं की नाही, हे विचारायचं माझं धाडस झालं नाही. ती खुर्ची अजून तिच्या अंगणात आहे.

पण एका गोष्टीत ती कधी खोटं बोललेली कुणाला आठवत नाही, आणि ती म्हणजे आग.

आमच्याकडे मोहाच्या झाडांना मालक असतो. कागदावर नसतो, पण अमकी झाडं अमक्या घराची, हे सगळ्या गावाला ठाऊक असतं. फुलं गळायला लागायच्या आधी झाडाखालचा पाचोळा बायका जाळून टाकतात. जमीन काळी, साफ झाली की पहाटे पडलेली पिवळी फुलं नजरेला सापडतात आणि पाचोळ्यात साप असण्याची भीती राहत नाही. वनखात्याला या कामाचा मनस्वी राग, कारण झाडाखालची आग झाडाखालीच राहील याची हमी कोण देणार? दरवर्षी कुठंतरी ती पळतेच. त्यावर सोमारीबाईचं एकच उत्तर असायचं.

"माही आग पळत नाई."

आणि खरंच पळत नव्हती. सकाळी पानांवर थोडं दव असताना ती निघायची. आधी झाडाभोवती पाचोळा ओढून मातीचं रिंगण मोकळं करायची, मग वारा ज्या दिशेला जातोय त्या टोकाकडून काडी लावायची, म्हणजे आगीला वाऱ्याच्या उलट, रांगत रांगत यावं लागे. हातात पळसाची ओली डहाळी घेऊन ती उभी राहायची आणि आगीशी सुनेशी बोलावं तसं बोलायची. गावातल्या बाकीच्या बायका आपल्या झाडाखाली काडी लावण्याआधी तिला बोलवायच्या. बाई आली की लावायची, नाही आली तर थांबायचं, अशी रीतच पडली होती. तिला याचा केवढा अभिमान होता म्हणून सांगू. घरात दुसरं काही मिरवण्यासारखं नव्हतंही.

वनखात्यानं यावर उपाय म्हणून बायकांना हिरव्या जाळ्या वाटल्या होत्या. जाळी झाडाखाली बांधा, फुलं जाळीत पडतील, जाळायची गरजच नाही. कल्पना चांगली होती, जाळी त्याहून चांगली होती. लवकरच गावात कोंबड्यांच्या खुराड्यांना, वांग्याच्या वाफ्यांना आणि पोरांच्या क्रिकेटला हिरवी जाळी दिसायला लागली. तपासणीला कुणी येणार असलं की एक बरी जाळी या झाडाखालून त्या झाडाखाली धावायची आणि प्रत्येक बाई तिच्यासमोर उभी राहून फोटो काढून घ्यायची. सगळ्या फोटोंत जाळीला एकाच जागी भोक आहे. रेंजर साहेब एकदा ते फोटो बराच वेळ बघत बसले होते. माणूस सांगलीकडचा, सज्जन, आणि आमची भाषा कळायला लागल्यापासून जास्तच दुःखी दिसत होता.

आता लटारू. लटारू सोमारीबाईचा जावई, तोही घरजावई. तिच्या एकुलत्या लेकीचा, कुंताचा नवरा. उन्हाळ्यात वनखात्याकडे आग राखायला रोजंदारीवर जायचा आणि हिवाळ्यात नाटकात काम करायचा. आमच्या झाडीपट्टीत दिवाळीपासून होळीपर्यंत नाटकांचा हंगाम असतो, त्यात लटारूला बारकी-सारकी कामं मिळत. सोमारीबाईला तो डोळ्यांसमोर नको असायचा. "खायाले वाघ, कामाले शेळी," असं ती त्याच्यासमोरच लोकांना सांगायची. तो तिच्याशी बोलायचाच नाही, काही हवं असलं तर कुंताला सांगायचा आणि कुंता तीन हातांवर बसलेल्या आईला ते परत सांगायची. मी एकदा त्यांच्याकडे जेवलो आहे. मीठ मागायला दोन माणसं लागली.

त्या वर्षी नवं सफारी गेट उघडणार होतं आणि रेंजर साहेबांनी लटारूला गेटवर कायमचं काम द्यायचं ठरवलं होतं. वर्षभराचं काम, खाकी शर्ट, सावलीत खुर्ची. कुंताचे पाय जमिनीवर नव्हते. सासूबाईनंसुद्धा दोन दिवस त्याला नावं ठेवली नाहीत, असं ऐकलं.

आणि फेब्रुवारीत आग लागली.

झालं ते असं. उन्हाळ्याच्या आधी वनखातं स्वतःच जंगलात पट्टे जाळतं, म्हणजे पुढं आग आली तर त्या मोकळ्या पट्ट्यापाशी थांबावी. त्याला जाळरेषा म्हणतात. त्या दुपारी गावाजवळची जाळरेषा जाळली आणि शेवटचा निखारा विझेपर्यंत लटारूनं तिथं थांबायचं होतं. पण बाजूच्या गावात शंकरपट, म्हणजे बैलांच्या शर्यती होत्या, पटाचं नाटक होतं, आणि नाटकात लटारूला हवालदाराचं काम होतं. ड्युटीवर झोपणाऱ्या हवालदाराचं. मंडप माझा होता, म्हणून मला ठाऊक. काम त्यानं इतकं झकास केलं की लोकांनी शिट्ट्या मारून त्याला पुन्हा झोपायला लावलं. तो तिकडे झोपत होता आणि इकडे जाळरेषेच्या कडेला एक वाळलेला खुंट धुमसत होता.

उजाडता उजाडता टेकडी पेटली. बांबूचं एक रान आणि सागाची नवी लागवड जळाली. माणूस-जनावर वाचलं, तेवढी देवाची कृपा. गाव डहाळ्या घेऊन धावलं. मी नाटकाचं सामान भरून येत होतो, मीही गाडी थांबवून उतरलो. लटारू सगळ्यांच्या पुढं होता, वेड्यासारखा आग झोडपत होता, आणि त्याच्या तोंडावर नाटकाचा रंग तसाच होता. भुवया काळ्याभोर, गाल लालेलाल. रेंजर साहेबांची जीप वळणावर दिसली तशी सोमारीबाई धावत गेली, जावयाची मान धरली आणि पदर थुंकीनं ओला करून त्याचं तोंड खसाखसा पुसायला लागली. एकीकडे त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार चालूच होता. मी पाहिलं, तिनं मला पाहताना पाहिलं, आणि मी वळून पुन्हा आग झोडपायला लागलो.

चौकशी सुरू झाली. आग जाळरेषा आणि सोमारीबाईची मोहाची झाडं यांच्या मधून कुठूनतरी उठली होती. साहेबांचा हिशेब सरळ होता. बाईनं पाचोळा जाळला असेल आणि ती आग पळाली असेल, तर राखणदाराचा दोष नाही, लटारू गेटवर जाईल. बाईनं नसेल जाळला, तर जाळरेषेचीच आग, मग लटारू तेव्हा कुठे होता याचं उत्तर द्यावं लागेल आणि गेटचं काम विसरावं लागेल. बाईचं वय बघता तिला समज देऊन सोडणार, हेही त्यांनी आडून सुचवलं. म्हणजे तिनं फक्त हो म्हणायचं होतं.

सोमारीबाई, जी वाघाला सोमवारचा उपास करायला लावते, तिला एवढं एक खोटं बोलवेना. साहेब तीनदा घरी आले. तीनदा तिनं तेच सांगितलं, की आपण अजून काडीच लावलेली नाही, आणि लावली असती तरी ती पळाली नसती. तिसऱ्यांदा तर म्हणाली की साहेबांच्या आईला कुणी चोर म्हटलेलं चालेल का, मग मला आग पळवणारी काऊन म्हणता. कुंता रडली. लटारू भिंतीकडे तोंड करून बसला. खरं सांगायची त्याला छाती नव्हती आणि सासूला विनवायचं तर आधी तिच्याशी बोलावं लागलं असतं.

मी एकदा तिला हळूच म्हटलं, बाई, लेकीसाठी बोलून टाक. त्यावर तिनं मला जे सुनावलं ते रशिदाला, म्हणजे माझ्या बायकोला, मी अजून सांगितलेलं नाही.

अशात पाहुणे आले. घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं, तशी गत. वेगवेगळ्या देशांतली राखीव जंगलं सांभाळणारे चार अधिकारी आपापल्या अडचणी एकमेकांना सांगत हिंडत होते, आणि वरून हुकूम आला की त्यांना एका गावात नेऊन लोकांशी बोलू द्या. मंडपाची ऑर्डर मला. पाहुण्यांसोबत दिल्लीचा एक दुभाष्या होता, पण गावातल्या मुखरूचं पहिलंच वाक्य ऐकून त्यानं पाणी मागितलं. मग साहेबांनी माझ्या पोरीला बोलावलं. आफ्रीन गोंडपिपरीत इंग्रजीचे क्लास घेते. तिला इंग्रजी येतं, गावची बोली येते, आणि आईसारखं तोंडावर खरं बोलणं येतं, ज्याची मला त्या दिवशी जास्त काळजी होती.

साहेबांनी लटारूला एकच काम दिलं होतं. सासूला घरात ठेवायचं, मंडपाकडे फिरकू द्यायचं नाही. पालथ्या घड्यावर पाणी. पाहुण्यांना हार घालून होईपर्यंत सोमारीबाई मागच्या रांगेत आपली लाल खुर्ची घरून आणून बसलेली होती, एक पाय वर घेऊन, गालात तंबाखूचा खर्रा धरून. लटारू मंडपाच्या खांबाला टेकून उभा होता आणि खांबाइतकाच बोलका होता.

कार्यक्रम मात्र रंगला. पहिले बोलले कॅनडाचे साहेब. त्यांच्याकडे अस्वलं कचऱ्याच्या डब्यांत शिरतात, लोक गाडीत खाणं ठेवतात आणि अस्वल गाडीचं दार उघडून आत बसतं. आफ्रीननं हे सांगितलं तशी गावात चर्चा सुरू झाली. आमच्याकडे अस्वल मोहाची फुलं खायला येतं आणि वाटेत सापडलेल्या माणसाचा चेहरा फाडतं. गाडीत बसणारं अस्वल हे फारच सुखाचं वाटलं. मुखरूनं विचारलं की गाडी चालवते का मग ते. मुखरू हा आमच्याकडचा तोंडाळ म्हातारा, कुठल्याही सभेत तो असतोच.

केनियाच्या साहेबांनी सांगितलं की हत्ती मक्याच्या शेतात येतात, म्हणून ते शेताच्या कडेनं मधमाश्यांच्या पेट्या टांगतात, हत्ती माश्यांना भितो. हत्ती आता गडचिरोलीतही आले आहेत, छत्तीसगडातून, त्यामुळे सगळे सावरून बसले. मध कोणाला मिळतो, असा प्रश्न आला. शेतकऱ्याला, असं उत्तर आलं. गावानं रेंजर साहेबांकडे बघितलं. साहेब वहीत काहीतरी लिहायला लागले, म्हणजे लिहिल्यासारखं करायला लागले.

हॉलंडच्या साहेबांचं दुखणं वेगळंच होतं. त्यांचा देश एवढासा, जंगल त्याहून एवढंसं, आणि पणज्याच्या काळी नाहीसे झालेले लांडगे आता परत आलेत. लांडगा मेंढी खातो. अधिकारी म्हणतात कुंपण घाला, शेतकरी म्हणतात लांडगा घेऊन जा. मेंढी मेली की ती लांडग्यानंच मारली हे आधी सिद्ध करावं लागतं. इथं मात्र सगळा मंडप हलला. आमच्याकडे वाघानं गाय मारली तर पंचनामा होईपर्यंत तिला कोणी हात लावायचा नाही, आणि वाघ काही पंचनाम्यासाठी जेवण थांबवत नाही. मुखरूनं उठून हॉलंडच्या साहेबाला रामराम केला. भाषा न कळता त्या माणसानंही हात जोडले. देश बदलला तरी मेलेल्या जनावराला साक्षीदार लागतोच, हे त्या दिवशी आम्हाला समजलं.

तिघांचं एका गोष्टीवर एकमत होतं. जंगल सांभाळणं अवघड नाही, माणसं सांभाळणं अवघड आहे. मागून सोमारीबाई बाजूच्या बाईला म्हणाली की आपल्याकडेही तसंच आहे, जंगल सांभाळता येते, साहेब सांभाळता येत नाई. ती हळू बोलते असं तिला वाटतं.

शेवटी ऑस्ट्रेलियाच्या लोरेनबाई उठल्या. काळ्यासावळ्या, पांढऱ्या केसांच्या, जाड बुटांच्या. मुखरूला त्या सकाळपासून सिरोंचाकडच्या वाटत होत्या आणि तो त्यांच्याशी दोनदा तेलुगूत बोलून आला होता. त्या म्हणाल्या, आमची माणसं त्या जंगलात फार जुनी, सरकार नंतर आलं. माझं काम आग लावणं.

आफ्रीन थांबली. तिनं त्यांना पुन्हा विचारलं, मग आमच्याकडे वळून तेच सांगितलं. त्यांचं काम आग लावणं आहे. कोरड्या दिवसांच्या सुरुवातीला, गवत अर्धं ओलं असताना, त्या थोडं थोडं जाळत जातात, म्हणजे पुढं उन्हाळ्यात मोठी आग लागत नाही. आजीकडून शिकल्या. मधे सरकारनं बंदी घातली होती, तेव्हा आगी मोठ्या व्हायला लागल्या. आता सरकारच गणवेश देतं, गाडी देतं, पगार देतं.

सोमारीबाईनं वरचा पाय खाली घेतला.

लोरेनबाई पुढं बोलत होत्या. सोपं नाही, म्हणाल्या. एकदा माझी आग पळाली, शेजारच्याचं कुंपण खाऊन गेली, आणि माझ्या मावश्यांनी वर्षभर माझ्या हातात काडी दिली नाही. पगार गेला असता तर चाललं असतं, पण मावश्यांनी काडी काढून घेतली ते लागलं. मग त्यांनी विचारलं, तुमच्यात आगीचं माणूस कोण?

सगळ्या बायकांच्या माना मागं वळल्या. रेंजर साहेब घाईघाईनं उठून म्हणाले की इथं आग लावायला कायद्यानं मनाई आहे, असं माणूस नाही. पण कॅनडाच्या साहेबांची नजर मंडपाबाहेर टेकडीवर गेली होती. टेकडी काळी होती. त्यांनी सहज विचारलं, मग ही कशानं लागली? साहेब म्हणाले, चौकशी चालू आहे. म्हणाले, आणि न राहवून त्यांनी लटारूकडे बघितलं. साहेबांनी बघितलं म्हणून गावानं बघितलं, गावानं बघितलं म्हणून पाहुण्यांनीही.

लटारू खांबापासून सुटला. त्याच्या ओठांना पाणी नव्हतं. नाटकात मी त्याला एवढं घाबरलेलं कधी बघितलं नाही, कारण नाटकात तो वाईट नट आहे, फक्त झोपायचं काम चांगलं करतो. तो एक पाऊल पुढं आला आणि म्हणाला, "साहेब, त्या दिवशी मी..."

"बस खाली," सोमारीबाई म्हणाली. शिव्यांखेरीज जावयाला ती सरळ काही बोलल्याचं मी तरी पहिल्यांदाच ऐकलं. ती उठून उभी राहिली, खर्रा थुंकला, पदर सारखा केला. "तुले काय ठाऊक आहे? लिहा साहेब. मीच लावली होती, मोहाखाली. पळाली."

शेवटचा शब्द तिनं इतका हळू म्हटला की आफ्रीननं माझ्याकडे बघितलं, हेच म्हणाली ना, असं. मी मान हलवली. आयुष्यभर लाखो खोटी बोललेली बाई, आणि हे एक बोलताना तिची नजर जमिनीवर होती. मला तिचा त्या क्षणी जेवढा आदर वाटला तेवढा मला आमच्या मौलवी साहेबांचाही वाटलेला नाही, अल्ला माफ करो.

बायकांमध्ये कुजबुज सुरू झाली. सोमारीबाईची पळाली, सोमारीबाईची पळाली. ती ऐकत उभी राहिली. मग तिची ती सैतानी नजर परत आली. तिनं लोरेनबाईकडे बोट दाखवलं आणि आफ्रीनला म्हणाली, "त्यायले सांग, मी साठ वर्षं फुकट जाळून राह्यली. त्यायच्या सरकारले इच्यार, पुऱ्या पगाराचं नाई तरी गाडीचं जमते का."

आफ्रीननं शब्द न् शब्द सांगितला. लोरेनबाई इतक्या हसल्या की त्यांना टेकावं लागलं, आणि मग मधल्या रांगा ओलांडून त्या सोमारीबाईपाशी आल्या आणि तिचे दोन्ही हात धरले. फोटो निघाले. पाहुण्यांनी रेंजर साहेबांचं अभिनंदन केलं, की गुन्हा कबूल करायलाही लोक भीत नाहीत एवढा विश्वास तुम्ही कमावलाय. साहेबांचा चेहरा असा झाला की त्यांना पोटदुखीची गोळी द्यावी.

जेवणं झाल्यावर मी खुर्च्या भरत होतो तेव्हा साहेब मागं आले. थोडा वेळ एकेक खुर्ची हातानं देत राहिले. मग म्हणाले, "मुजफ्फरभाई, त्या दिवशी पटाच्या नाटकाचा मंडप तुमचाच होता ना?"

"मंडप माझा असतो साहेब," मी म्हटलं. "आत कोण असतं ते मी बघत नाही."

त्यांनी अजून दोन खुर्च्या दिल्या आणि गेले. कागदावर आग मोहाखालून लागली. सोमारीबाईला समज मिळाली की यापुढं काडीला हात लावायचा नाही. लटारू गेटवर गेला. खाकी शर्ट त्याला चांगला दिसतो, आणि तिथं तो झोपत नाही, हे मी स्वतः दोनदा अचानक जाऊन तपासलं आहे.

सुंठीवाचून खोकला गेला, असं मला वाटलं होतं. पण पुढच्या वर्षी मोहाच्या दिवसांत मी एका साक्षगंधाचं, म्हणजे साखरपुड्याचं, सामान घेऊन गावात गेलो तर सोमारीबाई अंगणात बसलेली. सकाळची वेळ, दव पडलेलं, वारा बेताचा. म्हटलं, आज गेल्या नाहीत का बायका पाचोळा जाळायला? कुंतानं सांगितलं. बायका निघाल्या तेव्हा आई सवयीनं डहाळी घेऊन उठली होती, तर पुढच्या घरची म्हणाली, बाई तू राहू दे, तुही आग पळते. काही वाईट मनानं म्हणाली नाही. चार जणी हसल्या, एवढंच.

सोमारीबाई मला म्हणाली की गुडघे दुखून राह्यले, म्हणून गेली नाही. हे खोटं ती फार वाईट बोलली. मला भयंकर राग आला. त्या हसणाऱ्यांचा आला, लटारूचा आला, त्या नाटकाचा आला, आणि त्याचा मंडप ठोकणाऱ्या माझा स्वतःचाही आला. मी तिथून उठून चालत सुटलो, कारण अजून थोडा वेळ बसलो असतो तर सगळं ओरडून सांगितलं असतं.

मला सांगावं लागलं नाही. लटारूची त्या दिवशी सुट्टी होती. मागच्या खोलीत त्यानं कुंताचं बोलणं ऐकलं असावं. बायका रानातून परतून बोअरवेलवर हातपाय धूत होत्या तिथं तो गेला, अंगात साधी बनियान होती, आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "बाईची नाई पळाली. माही पळाली. मी जाळरेषा सोडून नाटकात गेलो होतो." हापसा हाणणारी थांबली. तो पुढं म्हणाला की आता ज्याले जाऊन साहेबाले सांगायचं त्यानं सांगा, मी घरीच हाओ. आणि वळून निघून गेला.

आता हे गाव कसं आहे ते सांगतो. इथं बाईला दिवस गेलेले नवऱ्याच्या आधी किराणा दुकानात कळतात. बोअरवेलवर बोललेली गोष्ट दुपारपर्यंत आष्टीला पोचते. कुंता दिवसभर दाराशी बसून होती, कधी जीप येते म्हणून. जीप आली नाही. त्या दिवशी नाही, त्या महिन्यात नाही, साहेबांची बदली होईपर्यंत नाही. मुखरूसुद्धा बोलला नाही, आणि मुखरू गप्प बसला म्हणजे काय, हे त्याला ओळखणाऱ्यालाच कळेल.

सोमारीबाईला मात्र जावयाचा संताप अनावर झाला. दुसऱ्या दिवशी मी सामान परत न्यायला गेलो तेव्हा ती माझ्यापाशी त्याची कागाळी करत होती. आयुष्यात एवढं मोठं खोटं बोलायला आपल्याला केवढे कष्ट पडले, आणि या येड्यानं ते एका सकाळी पाण्यात घातलं. आतून लटारूचा आवाज आला, आणि मधे कुंता नव्हती. "बाई, चहा घेता का?"

"आण," ती म्हणाली. "साखर कमी टाकजो."

तेवढ्यात बायका आल्या. दारात उभ्या राहिल्या, पुढच्या घरचीही होती, तिच्या हातात ओली डहाळी होती आणि नजर खाली होती. अजून पुष्कळ झाडं राहिली आहेत, म्हणाल्या, चालता का. बाईला काडीला हात लावायची मनाई आहे, हे त्यांनाही ठाऊक होतं. त्या म्हणाल्या की काडी आमी लावतो, तुमी निस्त्या उभ्या राहा.

ऊन चढायच्या आत निघायला हवं होतं, दव सुकत चाललं होतं. सोमारीबाई लाल खुर्चीत मागं रेलली, एक पाय वर घेतला, आणि चहा येईपर्यंत त्यांना उभं ठेवलं.